लिंकिनहॉर्नच्या वह्यांत नऊ महिने

चार महिने मी एका मेलेल्या मुलाचा संसार थाटत होते. त्याचं लग्न लावलं, त्याला तांब्याच्या खाणीत कामाला लावलं, पदरात सहा मुलं घातली. मग एका शनिवारी दुपारी कळलं, की तो १८२३ साली, तीन वर्षांचा असतानाच गेला होता. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, मग या सहांचा बाप कोण?"

पुढचे पाच महिने तोच शोधत होते. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलमधल्या एका खेड्यातलं सासरचं मूळ शोधताना कोणती साधनं वापरली, कुठे पैसे वाया गेले आणि काय हाती लागलं, ते लिहून ठेवते. निवाडा आधीच हवा असेल तर घ्या: फुकटच्या साधनांना पैकीच्या पैकी, पैसे भरून घेतलेल्याला दहापैकी पाच, आणि तेही त्यातल्या जनगणनेच्या पानांसाठी.

मी प्लिमथला राहते. मधे टेमर नदी, पलीकडे कॉर्नवॉल. सासरे प्लिमथमध्येच जन्मले आणि वाढले, तरी "आम्ही नदीपलीकडचे" हे त्यांचं पालुपद. आडनाव 'ट्रे'ने सुरू होणारं. ट्रे, पोल आणि पेन यांवरून कॉर्निश माणूस ओळखावा, अशी तिकडे म्हणच आहे. ट्रे म्हणजे वस्ती, वाडी. म्हणजे आपल्या 'कर'सारखंच, फक्त पुढून लावलेलं. सासऱ्यांकडे मुद्देमाल दोनच गोष्टींचा होता: 'लिंकिनहॉर्न' हे गावाचं नाव, आणि आजोबांचा एक भाऊ "मायसोरला सोन्याच्या खाणीत" होता ही ऐकीव गोष्ट.

लिंकिनहॉर्न म्हणजे एक गाव नव्हे, पॅरिश. बॉडमिन मूर या माळरानाच्या आग्नेय काठावरच्या अप्टन क्रॉस, हेनवुड, रिला मिल, मिनियन्स अशा वाड्यांचं मिळून एक चर्च आणि त्या चर्चच्या वह्या. (मिनियन्स हे गावाचं नाव ऐकून लेकीला हसू आवरेना.) माळावर चीजरिंग नावाचा एकावर एक थाळ्या रचल्यासारखा खडकांचा मनोरा आहे. त्याच्याजवळ अठराव्या शतकात डॅनियल गम्ब नावाचा पाथरवट दगडात घर करून राहायचा. त्याला गणिताचं वेड होतं. 'डी. गम्ब १७३५' ही त्याची अक्षरं तिथे अजून वाचता येतात. आमच्या पूर्वजांनी मात्र दगडावर काही कोरलं नाही.

तर पहिली चूक. मी सुरुवात केली ती एका मोठ्या, वर्षाची वर्गणी घेणाऱ्या साइटवर. नाव घेत नाही. नाव, साल, गाव टाकलं की ती साइट पडद्यावर झाडाचं हिरवं पान हलवून सुचवते: हा बघा तुमचा पूर्वज. मला १८२० साली बाप्तिस्मा झालेला विल्यम मिळाला. बापाचं नाव थॉमस, आईचं ग्रेस. इतर अकरा जणांच्या वंशवृक्षांत तोच होता. अकरा जण म्हणतात म्हटल्यावर मी मान डोलावली. एकाने चूक केली आणि दहांनी ती उतरवून घेतली, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

खरं तर १८४५ची लग्नाची नोंदही माझ्याकडे होती. १८३७ साली सरकारी नोंदणी सुरू झाली, तेव्हापासून लग्नाच्या नोंदीत नवरानवरीच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो. तिथे लिहिलं होतं: थॉमस, मजूर. मला वाटलं, जुळलं. पण त्या काळच्या नोंदीत आईचं नाव नसे, आणि खोच नेमकी तिथेच होती.

मग कोणीतरी 'कॉर्नवॉल ऑनलाइन पॅरिश क्लार्क्स'बद्दल सांगितलं. दिसायला ही साइट वीस वर्षांपूर्वीच्या सरकारी फॉर्मसारखी. रंग नाही, झाड नाही, सूचना नाहीत. पॅरिश निवडा, आडनाव टाका, यादी बघा. पण एकेका पॅरिशच्या वह्या स्वयंसेवकांनी बसून टाइप केलेल्या, आणि बाप्तिस्मा, लग्न, दफन या तिन्ही नोंदी एका आडनावाखाली लागोपाठ बघता येतात. गंमत म्हणून सगळं आडनावच काढलं, १८१३ ते १८४०. बाप्तिस्म्यांत विल्यम दोन निघाले: १८२०चा, हेनवुडचा, थॉमस आणि ग्रेसचा; आणि १८२२चा, अप्टनचा, थॉमस आणि एलिझाबेथचा. दफनांत एक: विल्यम, हेनवुड, १८२३, वय ३.

एवढं नेमकं कळायला कारण आहे. १८१२च्या कायद्याने १८१३पासून चर्चला छापील वह्या आल्या. बाप्तिस्म्याच्या वहीत राहण्याचं ठिकाण आणि बापाचा धंदा, दफनाच्या वहीत ठिकाण आणि वय, असे रकानेच पाडले गेले. त्याआधी पाद्रीबुवांच्या मर्जीप्रमाणे: कधी "विल्यम, थॉमसचा मुलगा" एवढंच, आईचा पत्ताच नाही. १७५२पर्यंत तर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे वहीतला जानेवारी १७२३ म्हणजे आपला १७२४. हे माहीत नसताना मी एका बाईला लग्नाआधी दहा महिने बाळंत करून ठेवलं होतं.

तेव्हापासून माझी सवय: जन्म सापडला की आनंद नंतर, आधी दफनाची यादी.

खरा विल्यम मला आधी दिसला नव्हता का? दिसला होता, मीच घालवला. १८४१च्या जनगणनेत पंधराच्या वरच्या माणसांची वयं बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत. एकोणीस वर्षांचा मुलगा तिथे १५ म्हणून बसलेला. मी वीस-एकवीसचा शोधत होते, म्हणून त्याच्या नावावर बोट ठेवून पुढे गेले. धंदा लिहिलेला: खाणकामगार. बाप शेतमजूर, मुलगा खाणीत. कारण १८३६ साली शेजारच्या साउथ कॅरॅडनला तांबं लागलं आणि आजूबाजूच्या पॅरिशची तरणी पोरं नांगर सोडून खाणीत गेली. एका ओळीतल्या एका शब्दात सगळ्या तालुक्याची हकिगत.

फेब्रुवारीत रेडरूथला गेले. प्लिमथहून आगगाडीने दीड तास, ब्रुनेलच्या १८५९च्या पुलावरून. तिथे जुन्या दारूच्या भट्टीच्या जागेवर 'क्रेसेन कर्नो' हे कॉर्नवॉलचं दफ्तरखाना म्हणावं असं केंद्र २०१९पासून आहे. कागदपत्रं आधी सांगून ठेवली होती. पेन चालत नाही, पेन्सिल न्यायची. वहीची मायक्रोफिल्म झालेली असली तर मूळ वही हातात देत नाहीत, यंत्रावर फिल्म बघायची. मला थॉमस आणि एलिझाबेथचं १८१६चं लग्न बघायचं होतं. टाइप केलेली नोंद माझ्याकडे होतीच, मग खटाटोप कशाला, असं नवरा म्हणाला होता.

यंत्रावर पान आलं. १७५४पासून लग्नाच्या वहीत नवरानवरी आणि साक्षीदार यांच्या सह्या घेऊ लागले. थॉमसच्या नावापुढे फुली होती. नीटशी फुलीही नाही, एक काडी लांब, एक आखूड, आणि दुसऱ्या काडीच्या टोकाला शाई फुटलेली. तिच्या शेजारी एलिझाबेथची सही. मोठ्या, सुट्या अक्षरांत, 'झेड' उलटा, आणि शेवटची दोन अक्षरं ओळीत मावली नाहीत म्हणून वर चढवलेली. नवरा निरक्षर, बायकोला सही येते! टाइप केलेल्या यादीत दोघांची नावं एकाच टंकात शेजारी शेजारी होती. आपल्या जुन्या कागदांवर पाटलाच्या नावापुढे निशाणी नांगर असते, तशी ही फुली. पण नांगर पाहून माणूस काय करायचा ते तरी कळतं. मी त्या पानासमोर पंचवीस मिनिटं बसले होते. घरी आल्यावर लेकीने तो उलटा 'झेड' पाच वेळा काढून बघितला.

त्याच पानाने एक फजितीही केली. साक्षीदारांत एक नाव होतं, तेच पुढच्या तीन लग्नांतही. मला वाटलं जवळचा नातेवाईक, मामा वगैरे. त्याच्यावर दोन संध्याकाळी घातल्या. तो चर्चचा कारकून निघाला, साक्षीला दुसरं कोणी नसलं की उभा राहणारा.

मृत्युपत्राच्या बाबतीत मात्र नशिबाने हात दिला. प्लिमथसारखंच एक्सिटरवरही १९४२ साली बॉम्ब पडले आणि तिथल्या बिशपच्या कोर्टात नोंदलेली मृत्युपत्रं जळाली. कॉर्नवॉलच्या आर्चडीकनच्या, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या धर्माधिकाऱ्याच्या, कोर्टातली तेवढी वाचली. आमच्या एका खापरखापर-चुलत्याचं वाचलेल्यांत होतं. दोन मेंढ्या, एक पितळी पातेलं आणि "बरा कोट" मोठ्या मुलाला. धाकट्याला काय, ते लिहिलेलं नाही.

मेथडिस्टांबद्दल सांगायला हवं, कारण पुष्कळ जण तिथे अडकतात. हा सरकारी चर्चहून वेगळा झालेला ख्रिस्ती पंथ, आणि त्यांचं प्रार्थनाघर ते चॅपल. पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने कॉर्नवॉल पालथा घातला होता, त्यामुळे खाणकामगारांची घरं चॅपलला जाणारी. १८३७पर्यंत लग्नं चर्चमध्येच करावी लागत, म्हणून लग्न चर्चच्या वहीत आणि मुलं चॅपलच्या. चर्चमध्ये मुलं दिसेनात तर घर बुडालं असं समजू नका.

आता मायसोर. १८८०च्या दशकात साउथ कॅरॅडन बंद पडली आणि माणसं मिळेल तिकडे गेली: दक्षिण ऑस्ट्रेलिया, मिशिगन, दक्षिण आफ्रिका. आणि कोलार. तिथल्या सोन्याच्या खाणी १८८०पासून जॉन टेलर अँड सन्स चालवत होती, आणि खोल खडकाचं काम जाणणारे कॉर्निश लोक तिला हवेच होते. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या चर्चच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. मद्रासकडच्या नकलांत आजोबांच्या भावाच्या मुलीचा १८९९चा बाप्तिस्मा सापडला. ठिकाण कोलार गोल्ड फील्ड्स, बाप खाणकामगार. म्हणजे या घराण्यातलं माणूस माझ्या शंभर वर्षं आधी आमच्याकडे जाऊन आलं होतं. सासरे नुसतं म्हणाले, "मग मी खोटं सांगत नव्हतो."

माझ्या माहेरची वंशावळ त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आहे. आडनाव आणि गाव सांगितलं की ते पान काढतात, आजोबांची सही दाखवतात आणि आपलीही घेतात. तिथे लेकी शोधायला गेलं तर मी स्वतःसुद्धा नाही. त्या मानाने एलिझाबेथचं बरं, सही तरी राहिली.

पैशांचं थोडक्यात. वर्षाची वर्गणी फुकट गेली असं म्हणणार नाही, पण ती मला न विचारता पुढच्या वर्षासाठी आपोआप कापली गेली आणि परत मिळवायला तीन ईमेल लागले. तारीख आधीच कॅलेंडरात टाकून ठेवा. त्याहून जिव्हारी लागलं ते हे, की इथल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत असल्या साइट तिथे बसून फुकट वापरता येतात. हे मला सातव्या महिन्यात कळलं. सरकारी दाखले दोनच मागवले. जन्मांची सरकारी सूची फुकट बघता येते आणि तिच्यात आईचं माहेरचं आडनाव १८३७पासून दिलेलं आहे. निम्मे दाखले त्यानेच वाचले.

एप्रिलमध्ये सासऱ्यांना लिंकिनहॉर्नला घेऊन गेलो. पाटीच्या दगडाची थडगी, दोनशे वर्षांनीही अक्षरं कोरीव. आमचं एकही नाही. मजुराला दगड कुठला परवडतो. सासरे काठी टेकत फिरले, मग विचारलं, "आणि ते लहान पोर?" तोही इथेच कुठेतरी असणार, म्हटलं. तो आमचा नाही, पण चार महिने होता, म्हणून माझ्या फाइलीत त्याला एक पान ठेवलंय. दोन तारखा आणि हेनवुड.

त्या अकराही वंशवृक्षांच्या मालकांना मी दफनाच्या नोंदीसकट कळवलं. दोघांनी दुरुस्ती केली, एकाने आभार मानले आणि काहीच केलं नाही. बाकीच्यांकडे तो अजून रोज खाणीत जातो. गेल्या आठवड्यात एकाने त्याला ऑस्ट्रेलियालाही पाठवलं.