आजीच्या टेबलावरची वायफायवाली फोटो फ्रेम, वर्षभर वापरून

फ्रेम घेऊन वर्ष होत आलं, मध्ये एकदा सगळं खानदान सुट्टीला घरी जमून गेलं, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर डोळे झाकून पाच स्टार दिले असते आणि दुसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या. कंपनीचं नाव देत नाहीये, कारण असल्या फ्रेम बरेच जण बनवतात आणि आतला माल थोड्याफार फरकाने तोच असतो. १० इंची टचस्क्रीन, १२८० बाय ८०० रिझोल्युशन, १६ जीबी मेमरी, वायफाय, आणि फोनवरच्या अ‍ॅपमधून किंवा फ्रेमच्या स्वतःच्या ईमेल पत्त्यावर जगात कुठूनही फोटो टाका, इकडे आपोआप दिसायला लागतो.

घेतली आजीसाठी. वय ८४, मुलं-सुना-नातवंडं धरून आम्ही २१ जण, आणि घड्याळं चार वेगवेगळी. आमचा रविवारचा स्काइप कॉल वर्षानुवर्षं चालला होता, मे २०२५ मध्ये स्काइपच बंद झालं, मग झूमवर गेलो तर फुकटात ४० मिनिटं, आणि त्यातली दहा 'काका तुम्ही म्यूटवर आहात' म्हणण्यातच जायची. फॅमिली ग्रुप आहेच हो, पण आजीला ग्रुप म्हणजे एक न संपणारी जिना-चढण वाटते, वर वर सरकवत बसायचं आणि ज्याच्यासाठी चढलो तो फोटो तोवर कुठे गेला कळत नाही. फ्रेमचं तसं नाही, ती टेबलावर असते आणि आपली आपण बदलत राहते, आजीला काहीही दाबावं लागत नाही. हा एकच मुद्दा असा आहे की बाकी सगळं माफ.

आता बाकी सगळं.

सेटअपला माझा अख्खा रविवार गेला. फ्रेम फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडते हे खोक्यावर मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं, आणि आमचा राउटर २.४ आणि ५ अशी दोन वायफाय सोडतो आणि दोन्हींना एकच नाव दिलेलं, म्हणजे फ्रेम जोडली जायची, सुटायची, जोडली जायची. शेवटी राउटरमध्ये जाऊन दोघांची नावं वेगळी केली तेव्हा गप्प बसली. मग आत्याचे फोटो येईनात. ती आयफोनवरून लॅपटॉपवर उतरवून मग फ्रेमला ईमेल करायची आणि ते जायचे हेइक (HEIC) फॉरमॅटमध्ये, जो आयफोन २०१७ पासून वापरतोय पण आमच्या या फ्रेमबाईसाहेबांना अजून माहीत नाही. एरर वगैरे काही नाही, फोटो नुसता गायब, आणि आत्या इकडे 'आईने काहीच कसं म्हटलं नाही' म्हणून फुगून बसलेली. उपाय साधा आहे, आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कंपॅटिबल' करून टाका, पुढचे सगळे फोटो जेपेगमध्ये निघतात. जुने मात्र बदलून पाठवावे लागतात, ते काम अर्थातच माझ्याकडे आलं.

क्वालिटीबद्दल एवढंच की १२८० बाय ८०० म्हणजे जेमतेम १ मेगापिक्सेल, तेव्हा 'माझा फोन ५० मेगापिक्सेलचा आहे' हा भाव इथे कोणी खाऊ नये, सगळे सारखेच दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला दाबून लहान केलेला फोटोसुद्धा इथे छान चालतो. उभा फोटो मात्र आडव्या फ्रेममध्ये मधोमध पट्टीसारखा बसतो आणि आता सगळे उभेच फोटो काढतात, त्यामुळे सगळ्यांना सांगा, फोन आडवा धरा रे बाबांनो. सांगून कोणी ऐकत नाही ती गोष्ट वेगळी.

आणि हो, कॅप्शन लिहा, आणि नुसता बदाम टाकून नका सोडू. कोण, कुठे, कशाबद्दल. आमच्या दादाने एका बर्फाळ डोंगराचे सलग नऊ फोटो टाकले, एकालाही ओळ नाही, आजी दोन दिवस विचारत होती, हा तिकडे राहायला गेला की काय?

आता अ‍ॅपमधली खरी खोट. पाठवताना तुमच्या ओळखीच्या सगळ्या फ्रेमच्या नावापुढे आधीच टिक असते, नको ती तुम्ही काढायची. आमच्याकडे दोन फ्रेम आहेत, एक आजीकडे आणि एक मोठ्या काकूकडे. सुट्टीला सगळे जमलेले, संध्याकाळची वेळ, बाहेरच्या खोलीत हा गोंधळ, आणि आजीने आतून मला हाक मारली, "अगं इकडे ये, तुझ्या त्या फ्रेममध्ये मुंग्या आल्या बघ." मी गेले तर खरंच काळ्या-करड्या मुंग्या, जुन्या टीव्हीवर यायच्या तशा. म्हटलं गेला डिस्प्ले, वॉरंटी आहे का बघते, फ्रेम उचलली, आणि कोपऱ्यात चुलत बहिणीचं नाव आणि तारीख. सोनोग्राफी! ती यंदा येऊ शकली नव्हती, फक्त आपल्या आईला कळवायचं म्हणून तिने काकूच्या फ्रेमवर पाठवलेला फोटो, आणि काकूची फ्रेम तिच्या घरी कुलपात, काकू आमच्याकडे बाहेरच्या खोलीत कोणाच्या तरी बदलीबद्दल बोलत बसलेली. म्हणजे आई होणारीची आई सोडून ही बातमी मला आणि मुंग्या समजून का होईना आजीला आधी. मी फ्रेम उलटी ठेवली, बहिणीला फोन लावला, ती आधी ओरडली मग हसली, मग म्हणाली आईला फोन दे. पुढचा अर्धा तास काय झालं असेल ते सांगायला नको. पण ती टिक कंपनीने काढावी, सगळ्यांच्या घरातल्या बातम्या अशा हसण्यावारी जाणाऱ्या नसतात.

फ्रेमचा फायदा काय झाला हे मला त्याच सुट्टीत कळलं. एरवी सगळे जमले की आजी पहिल्यापासून सुरू करायची, तू आता काय करतोस, घर बदललंस ना, आणि समोरचा पण तीच छापील उत्तरं द्यायचा, सगळं मस्त आहे आजी. या वेळी तिने आल्या आल्या धाकट्या काकांना विचारलं, "तुझं भिंतीवरचं घड्याळ बंद आहे का रे, सगळ्या फोटोंत आपले सव्वासातच." काका गप्पच झाले. माझ्या आतेभावाला म्हणाली, खिडकीतली झाडं मेली वाटतं, आधी तीन कुंड्या होत्या. म्हणजे आम्ही सगळे फोटोत चेहरे बघतो, हसले का नीट, आणि ही बाई मागे काय आहे ते बघत असते. आतेभाऊ मग सांगत बसला की सहा महिने घरी असा नसतोच, नोकरीत किती दमतोय, हे त्याने आत्यालाही सांगितलं नव्हतं. ग्रुपवर हेच फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिले होते, अंगठाही दिला होता.

स्टार द्यायचे तर साडेतीन. अर्धा टिकसाठी कापला, अर्धा वायफायसाठी, आणि अर्धा त्या अ‍ॅडाप्टरच्या वायरसाठी जी इतकी आखूड आहे की टेबलच प्लगकडे सरकवावं लागलं. बॅटरी नाही, प्लग काढला की फ्रेम बंद. घरात कोणीतरी एक जण पोस्टमन व्हायला तयार असेल, म्हणजे ज्यांना अ‍ॅप जमत नाही त्यांचे फोटो टाकणारा, अंधुक आलेले फोटो काढून टाकणारा, तरच घ्या, नाहीतर तिसऱ्या महिन्यापासून तेच ते चाळीस फोटो फिरत राहतात.

एक फीचर राहिलं. स्क्रीनवर खाली बदाम आहे, तो दाबला की फोटो पाठवणाऱ्याला फोनवर कळतं. आजी तो मुद्दाम कधीच दाबत नाही. पण रोज सकाळी आठच्या सुमाराला ती फ्रेमवरून फडकं फिरवते, आणि त्या वेळी जो फोटो समोर असेल त्याला पाच-सात बदाम जातात. काकांच्या पार्किंगच्या पावतीला, जी चुकून अपलोड झाली होती, अकरा मिळालेत. सुरुवातीला सगळे हुरळून गेले, मग कळलं, आणि मी आजीला सांगणार होते पण दादाने नको म्हटलं. मागच्या महिन्यात एका सकाळी साडेनऊला त्याचा मला फोन, त्याच्याकडे मध्यरात्र उलटलेली, "काय गं, आज कोणालाच बदाम नाही आले, आजी बरी आहे ना?" लाइट गेली होती.