नऊ महिने, एक सॅक, ७ किलो: क्रूझला फक्त केबिन बॅग घेऊन गेल्याचा अनुभव

गेल्या सप्टेंबरात सेलमध्ये ३,४९९ रुपयांना ४० लिटरची सॅक घेतली. सुटकेससारखी तीन बाजूंनी चेन उघडून सपाट पसरता येते, हेच एक आवडलं म्हणून घेतली. रिकामी १ किलो २०० ग्रॅम भरते. हा आकडा लेबलावरचा नाही, घरच्या हुकाच्या काट्यावर मोजलेला आहे. तेव्हापासून तिने ऑक्टोबरात एसटीने कुडाळ, डिसेंबरात सिंगापूर-पेनांग-फुकेत क्रूझ, फेब्रुवारीत मुंबई-गोवा क्रूझ आणि एप्रिलमध्ये भाचीचं कोल्हापूरचं लग्न एवढं पाहिलंय. मी पंचावन्नची, उंची पाच फूट एक इंच, डावा खांदा थोडा कुरकुरणारा. हे आधीच सांगते, कारण सॅकबद्दलचं बरंचसं लेखन पंचविशीतल्या ट्रेकर मुलांचं असतं आणि त्यांच्या खांद्यांवर माझा विश्वास नाही.

सॅक पाहून सासूबाई म्हणाल्या, "अगं, बोटीवर जाताय की शाळेत?" त्या लग्नानंतर भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने वेंगुर्ल्याला जायच्या, तेव्हा सोबत पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि फिरकीचा तांब्या. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यापर्यंत पडावातून जायचं. हलत्या बोटीवरून ट्रंक पडावात उतरवताना दोन माणसं लागायची, ही त्यांची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की फुकेतला आमचं जहाज पातोंगच्या खाडीत लांब नांगरलं आणि छोट्या बोटीत पाय टाकायची वेळ आली तेव्हा आधी त्याच आठवल्या.

आता मुद्द्याचं. बहुतेक भारतीय विमान कंपन्या इकॉनॉमीत केबिन बॅगेला ७ किलो देतात, माप साधारण ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटर. सात ऐकायला बरे वाटतात. त्यातले १.२ सॅकचेच. औषधं, चार्जर, पॉवर बँक, कागदपत्रं, एक जास्तीचं पादत्राण आणि न्हाणीघराची पिशवी घातली की कपड्यांसाठी जेमतेम तीन किलो उरतात. माझा सुती पंजाबी ड्रेस ओढणीसकट काट्याला लावला तर ६०० ग्रॅमच्या वर गेला. असे पाच घेतले की खेळ संपला. आधी मला वाटायचं, कपडे नीट घड्या घालून बसवले की झालं. पण जागेचा प्रश्न नव्हताच. सॅकमध्ये जागा उरत होती आणि काटा मात्र आठच्या पुढे. त्यामुळे कपडे दाबून बसवणाऱ्या त्या चेनच्या पिशव्या मी दोन घेतल्या, एक परत केली. जागा कमी लागते, वजन तेवढंच राहतं, उलट पिशवीचं वजन वाढतं.

खरा फरक पडला तो रात्री कपडे धुण्याने. आमच्या दोन्ही जहाजांवर धुलाई होती ती नगावर पैसे घेणारी, आणि एका कुर्त्याच्या धुलाईचा दर पाहिल्यावर तो कुर्ता किती रुपयांचा होता ते मी मनातल्या मनात आठवलं. स्वतः धुवायचं मशीन काही जहाजांवर असतं, आमच्या नव्हतं. म्हणून तीन कुर्ते, सगळे सुती-पॉलिस्टर मिश्र कापडाचे, दोन पँट, आणि रोज रात्री जे अंगावर होतं ते बेसिनमध्ये.

इथे एक युक्ती नीट सांगते, कारण पहिल्या रात्री मी ती केली नाही आणि सकाळी दमट कुर्ता घालून नाश्त्याला गेले. जहाजाचं न्हाणीघर म्हणजे कपाटाएवढं, त्यात वारा नाही. तिथे दोरीवर टाकलेलं काही वाळत नाही. त्यामुळे कुर्ता हाताने पिळायचा, मग जहाजाने दिलेला कोरडा टॉवेल पलंगावर पसरायचा, त्यावर कुर्ता, दोन्हींची घट्ट सुरळी करायची आणि सुरळी जमिनीवर ठेवून तिच्यावर उभं राहायचं. ते काम नवऱ्याचं. ८२ किलोचा माणूस दोन मिनिटं जागच्या जागी पावलं टाकतो, टॉवेल ओला होतो आणि कुर्ता नुसता गार लागतो. मग तो हँगरवर, एसीच्या झोताखाली. खोलीच्या भिंती पोलादी असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हुक चिकटतात. चार हुक नेले होते, ते सोनं ठरले. पेनांगहून निघालो त्या रात्री समुद्र जरा उठला होता. अंथरुणात पडल्यापडल्या बघत होते, तर तो निळा कुर्ता ओळंब्यासारखा सरळ आणि त्याच्यामागची भिंत डावीकडे, मग उजवीकडे. मळमळ सुरू व्हायच्या आत दिवा बंद केला.

जीन्स नेऊ नका. वाळत नाही म्हणजे नाही.

इस्त्री, केटल, कपड्यांना वाफ देणारं यंत्र यांना जहाजावर आगीच्या भीतीने बंदी असते. सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेंशन बोर्डही बहुतेक ठिकाणी चालत नाही. हे कळल्यावर क्रूझवरच्या औपचारिक संध्याकाळचा, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या रात्रीचा, माझा प्रश्न उलट सोपा झाला. बाकीच्या बायका गाउन आणि उंच टाचांच्या चपलांसाठी वेगळी बॅग घेऊन आल्या होत्या. मी जॉर्जेटची साडी नेली. घडी केली तर एका जाड पुस्तकाएवढी, वजन ४०० ग्रॅमच्या आसपास, चुरगळत नाही, धुतली तर तासाभरात वाळते. सुती परकर घरी ठेवला; रोजचीच काळी लेगिंग आत घातली आणि कमरेला नाडी घट्ट बांधून त्यात निऱ्या खोचल्या. दिवसाचा काळा टॉप हाच ब्लाउज. त्या एका रात्री तीन अनोळखी माणसांनी आमचे फोटो काढू का विचारलं. नवऱ्याने कुर्त्यावर बंडी घातली, कोटाचं वजन वाचलं. एवढंच की डेकवर वारा सुटला की पदराला पिन हवी. माझा पदर मागच्या टेबलावरच्या एका काकांच्या सूपपर्यंत पोहोचला होता.

कोल्हापुरी चपला घेऊन जायचा मोह आवरा. साडीवर शोभतात, पण पाणी लागलं की गेल्या, आणि जोड जड असतो. पायात बूट आणि सॅकमध्ये रबरी तळाची साधी सँडल, एवढ्यात निभतं. तरणतलावात उतरायचं असेल तर पोहण्याचा पोशाख लागतोच, लेगिंग-टीशर्टवर आम्हाला सोडलं नाही.

न्हाणीघराच्या पिशवीबद्दल परदेशी सल्ल्यांमध्ये घन शॅम्पूच्या वड्या वगैरे महागडं काही सुचवलेलं असतं. आपल्याकडे १ रुपयाची पुडी किराणा दुकानात लटकलेली असते! शॅम्पूच्या सहा पुड्या, कपड्यांच्या साबणाच्या वडीचा अर्धा तुकडा, बस्स. आंतरराष्ट्रीय उड्डाणाला द्रवपदार्थांची बाटली १०० मिलीपेक्षा मोठी चालत नाही, आणि मोठ्या बाटलीत तळाशी थोडंच तेल असलं तरी चालत नाही, कारण बाटलीचं माप बघतात. माझी खोबरेल तेलाची २०० मिलीची बाटली तशीच गेली. तेल पाव बाटलीच होतं, पण जीव अडकला.

आता लाडवांची गोष्ट. सिंगापूरला निघताना सासूबाईंनी डिंकाचे लाडू दिले, एक किलो. "बोटीवर काय मिळतंय कुणास ठाऊक." नाही म्हणायची प्राज्ञा नव्हती. मुंबई विमानतळावर काउंटरच्या मुलीने सॅक काट्यावर ठेवायला सांगितली: ८.१. मी तिथेच चेन उघडून जाकीट अंगात घातलं, चार्जर आणि पॉवर बँक जाकिटाच्या खिशात कोंबले, बूट पायात होतेच. ७.३ झालं आणि तिने हसून जाऊ दिलं. प्रत्येक वेळी असं हसतील या भरवशावर राहू नका. तर एवढं करून नेलेले लाडू सिंगापूरला जहाजात चढताना अडले. घरी केलेलं अन्न आत नेता येणार नाही, कारखान्याच्या सीलबंद पाकिटातलं चालेल, असा त्या जहाजाचा नियम. मग काय, रांगेतच डबा उघडला. मागच्या चेन्नईच्या कुटुंबाने चार खाल्ले, त्यांच्या आजींनी डिंक ओळखला. म्हणजे माझ्या सात किलोतला एक किलो मी समुद्र न दाखवता संपवला. गोव्याच्या वेळी सासूबाईंना वाण्याकडच्या सीलबंद चिवड्याचं पाकीट दाखवलं, तेव्हा त्या दोन दिवस बोलल्या नाहीत.

सिंगापूरच्या वेळी नवरा अजून मोठ्या सुटकेसवाला होता. क्रूझवर मोठं सामान धक्क्यावरच चिठ्ठी लावून सोपवायचं असतं, ते नंतर खोलीच्या दारात येतं. त्याची सुटकेस रात्री साडेनऊला आली. तोवर रक्तदाबाची संध्याकाळची गोळी आत, स्वच्छ शर्ट आत, आणि हा माणूस विमानातल्या कपड्यांवर पहिल्या रात्रीच्या जेवणाला. काउंटरवर दोनदा विचारलं, दोनदा "लवकरच" मिळालं. मी मात्र दुपारी अडीचलाच कपडे बदलून डेकवर होते. शेवटच्या रात्री पुन्हा तेच, उलट्या बाजूने: सुटकेस झोपायच्या आधी दाराबाहेर ठेवायची आणि सकाळी उतरल्यावर शेकडो सारख्या सुटकेसांमधून शोधायची. स्वतःचं सामान स्वतः उचलून उतरणाऱ्यांना आधी सोडतात. मी उतरून टर्मिनलच्या बाकावर चाळीस मिनिटं त्याची वाट पाहत बसले. जानेवारीत त्याने न सांगता माझ्यासारखीच सॅक मागवली, फक्त रंग वेगळा.

गोवा ट्रिप त्यामुळे फारच सुटसुटीत झाली. ठाण्याहून लोकलने सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पियरच्या क्रूझ टर्मिनलपर्यंत चालत, सॅक पाठीवर. गोव्यात मुरगाव बंदर, वास्कोला मासळीचं जेवण, परत. दोन रात्रींना तर सॅक साडेचार किलोच भरली. मुंबईला उतरलो आणि सामानाचा पट्टा सुरू व्हायच्या आत आम्ही फोर्टातल्या इराण्याकडे ब्रुन मस्का खात होतो.

आता सॅकचं परीक्षण, कारण ती तक्रारीविना नाही. सहाव्या महिन्यात छातीवरच्या पट्ट्याचं बक्कल तुटलं. बाजूच्या जाळीच्या कप्प्याला पाण्याच्या बाटलीने भोक पाडलं. उजव्या पट्ट्याची शिवण कोल्हापूरला उसवायला लागली, ती स्टेशनबाहेरच्या चांभाराने साठ रुपयांत दुहेरी मारून दिली आणि आता ती शिवण अख्ख्या सॅकमध्ये सगळ्यात मजबूत आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेने मुख्य चेन अडायला लागली होती. ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून वरून पांढरी मेणबत्ती घासली, मोकळी झाली. पावसाचं कव्हर सोबत येत नाही. कुडाळला परतीचा पाऊस लागला तेव्हा वरचा कपडा भिजला. त्यानंतर आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी अस्तरासारखी घालते.

पाठीला घाम येतो, त्यावर इलाज नाही. कमरेचा पट्टा नावापुरता आहे, वजन सगळं खांद्यावर. पाच किलोपर्यंत मला काही वाटत नाही, सातला अर्ध्या तासाने डावा खांदा बोलायला लागतो. सिंगापूर विमानतळावरच्या गुळगुळीत लांबच लांब फरश्यांवर चाकाच्या बॅगवाले माझ्या पुढून घरंगळत गेले तेव्हा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. पण जहाजाच्या दारांना उंच उंबरठे असतात, छोट्या बोटीची शिडी उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात, एसटीच्या पायऱ्या तर विचारूच नका. तिथे पाठीवरचंच बरं. खांद्याचं दुखणं जास्त असेल तर मात्र चाकाची छोटी बॅग घ्या, फक्त ती रिकामीच अडीच-तीन किलोची निघणार नाही हे दुकानात काट्यावर बघून घ्या.

एक धोका लक्षात ठेवा. विमान भरलं असेल तर दारापाशी केबिन बॅग खाली टाकायला मागतात. परतीच्या वेळी माझ्यावर ती वेळ आली. अशा वेळी पॉवर बँक आधी काढून घ्यायची, ती सामानाच्या कप्प्यात चालत नाही. तेव्हापासून पॉवर बँक, गोळ्या, पासपोर्ट आणि चष्मा एका छोट्या कापडी पिशवीत सगळ्यात वर असतात, एका हाताने उपसून घेता येतील अशा.

दरवेळी घरी आल्यावर न वापरलेल्या वस्तूंची यादी एका चिठ्ठीवर लिहून ती सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवते. सिंगापूरच्या चिठ्ठीवर अकरा वस्तू होत्या: छत्री, केस वाळवायचं यंत्र (खोलीत होतं), उगाच नेलेला चौथा कुर्ता, जाड कादंबरी, तीन ओढण्या, असंच. गोव्याच्या चिठ्ठीवर दोन. कोल्हापूरच्या लग्नाची चिठ्ठी केलीच नाही, कारण सॅक जाताना साडेपाच किलो होती आणि येताना आहेराच्या साड्या, गूळ आणि लवंगी मिरचीची पूड धरून नऊ.

सध्या सॅक लेकीकडे आहे, ती आठवडाभर बेंगळुरूला घेऊन गेलीय. परत आली की बक्कल बदलून घ्यायचंय.