खरी माहिती सांगून विकलेली खोटी कॅप्सूल

लिंगाला ताठरता न येण्याच्या तक्रारीवर डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणाऱ्या गोळ्यांपैकी तुमच्यासाठी कोणती योग्य, हे मोफत तुलना करून सांगतो, अशी एक जाहिरात मोबाइलवर दिसली आणि माझी फसवणूक तिथून सुरू झाली. जाहिरातीत सिल्डेनाफिल, टाडालाफिल, वार्डेनाफिल आणि अव्हानाफिल ही चार नावे एका तक्त्यात मांडलेली होती. कोणती गोळी किती वेळात लागू पडते, परिणाम किती तास टिकतो, जेवणाआधी घ्यावी की नंतर, असे रकाने होते आणि खाली वय, वजन व मोबाइल क्रमांक विचारला होता. त्या तक्त्यातील आकडे जवळजवळ सगळे बरोबर होते, हे मला पुढे खऱ्या डॉक्टरांकडून कळले. निव्वळ थापा मारणारा माणूस चटकन ओळखू येतो. खरे सांगता सांगता मधेच भलतीकडे नेणारा ओळखू येत नाही, म्हणून हा प्रकार सविस्तर लिहीत आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात राहतो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. मधुमेह जुना आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि प्रोस्टेट वाढल्यामुळे रात्री टॅमसुलोसिन घ्यावी लागते. मधुमेहात रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही बिघडत जातात, त्यामुळे अशा रुग्णांत ही तक्रार अगदी नेहमीची असते. पण गावात ती सांगायची कोणाला, हा प्रश्न उरतोच. तालुक्याच्या मेडिकलमध्ये काउंटरवर उभा असलेला मुलगा माझा विद्यार्थी. पानठेल्यावर खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) घोटता घोटता सल्ला मिळतो, पण संध्याकाळपर्यंत तो गावभर होतो. आठवडी बाजारात तंबू ठोकून जडीबुटी विकणारे 'खानदानी' वैद्य आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत, त्यांच्या नादी लागण्याचा प्रश्न नव्हता. फोनवरच्या माणसाला मात्र आपले गाव, आपली आडनावे, आपले नातेवाईक यांतले काहीच माहीत नसते, आणि तेवढ्यावरच त्याच्याशी बोलणे सोपे वाटते.

क्रमांक भरल्यावर लगेच फोन आला. बोलणारा स्वतःला डॉक्टर म्हणवत होता, भाषा स्वच्छ पुस्तकी मराठी, प्रत्येक वाक्यात "सर". त्याने नोंदणी क्रमांकही न विचारता सांगितला. असा क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदीत पडताळून पाहता येतो. मी पुढे पाहिला, तेव्हा त्या नावाचा आणि त्या क्रमांकाचा मेळ बसला नाही. बोलताना त्याने गोळ्यांची तुलना पुन्हा एकदा, शांतपणे, एखाद्या प्राध्यापकासारखी केली आणि प्रत्येक खऱ्या गोष्टीला एकेक शेपूट जोडले. सिल्डेनाफिल ही मुळात हृदयविकारासाठी शोधलेली गोळी आहे, हे खरे. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष असा की ती घेतली की हृदय थकते. टाडालाफिलचा परिणाम 36 तासांपर्यंत राहतो, हेही खरे. त्याचे त्याने "दीड दिवस रक्तात विष" असे रूप केले. सिल्डेनाफिलने काही जणांना थोडा वेळ सगळे निळसर दिसते, त्यावरून "नजर जाते" इथपर्यंत तो पोहोचला. मग म्हणाला, "सर, तुम्ही सुशिक्षित आहात, निर्णय तुमचा. पण आमच्या आयुर्वेदिक कोर्समध्ये साइड इफेक्ट शून्य आहेत आणि तीन महिन्यांनंतर आयुष्यात कोणतीच गोळी लागणार नाही."

त्या संभाषणात त्याने माझी पेन्शन विचारली, शेती ओलिताची की कोरडवाहू ते विचारले, पत्नीचे वय विचारले, पार्सल घरात कोण घेते हेही विचारले. मी सध्या कोणती औषधे घेतो, हे मात्र त्याने एकदाही विचारले नाही. ज्याला अशा फोनवरील माणसाची पारख करायची आहे, त्याने एवढ्या एका गोष्टीकडे लक्ष दिले तरी पुरे.

पार्सल टपालाने आले, पैसे पोस्टमनच्या हाती द्यायचे होते: 2,999 रुपये. खोक्यावर काहीच लिहिलेले नसेल असे आश्वासन होते. प्रत्यक्षात त्यावर मोठ्या अक्षरांत 'हेल्थ केअर' छापलेले होते आणि पोस्टमनने ग्रामपंचायतीसमोर चार माणसांत "गुरुजी, दवाई आली तुमची" अशी हाक मारली. आत पांढरा प्लॅस्टिकचा डबा. त्यावर घोड्याचे चित्र, 'शंभर टक्के आयुर्वेदिक' अशी सोनेरी पट्टी आणि अश्वगंधा, शिलाजीत, सफेद मुसळी ही नेहमीची नावे. उत्पादकाचा पत्ता म्हणून फक्त एका राज्याचे नाव होते, परवाना क्रमांक कुठेच नव्हता, आणि मुदत संपण्याची तारीख एका चिकटपट्टीवर छापून जुन्या छपाईवर डकवलेली होती; नखाने कोपरा उचलला तर खाली दुसरीच तारीख दिसत होती.

कॅप्सूल घेतल्यावर तासाभरात कानशिले तापली, चेहरा लाल झाला, नाक चोंदले आणि डोके ठणकू लागले. उपयोग झाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण असा माल विकला जातो तो यामुळेच. मात्र रात्री लघवीसाठी उठलो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दाराची चौकट धरली म्हणून पडलो नाही.

त्यानंतर पैशांचा दुसरा टप्पा सुरू झाला. कोर्स अर्धवट सोडला तर "नस कायमची बंद पडते", म्हणून पुढचे डबे लगेच घ्यावेत, असे एका नव्या आवाजाने सांगितले. मग माल तपासणीत अडकला असून कराची रक्कम भरावी लागेल, ती पुढे परत मिळेल, असा फोन आला; नंतर परताव्यासाठी 'फाइल चार्ज'. सोयाबीन विकून आलेल्या पैशांतून मी यूपीआयने एकूण 31,000 रुपये पाठवले. नकार दिला त्या दिवशी भाषा एकदम बदलली. तुमचे संभाषण रेकॉर्ड आहे, घरच्या क्रमांकावर पाठवतो, सरपंचाला पाठवतो, अशा धमक्या सुरू झाल्या. इथे एक गोष्ट सांगतो: मी पत्नीला सर्व काही त्याच संध्याकाळी सांगितले, आणि तिच्यासमोर स्पीकर लावून पुढचा फोन घेतला. तिने दोनच वाक्ये सुनावली, ती इथे लिहिण्यासारखी नाहीत, पण त्यानंतर धमक्यांचे फोन बंद झाले.

उपजिल्हा रुग्णालयात गेलो तेव्हा वैद्यकीय अधिकारी एक मॅडम होत्या. त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि आधी विचारले, "रोजच्या गोळ्या कोणत्या? छातीत कधी दुखले का? सॉर्बिट्रेट घेता का?" नंतर समजावून सांगितले की तापलेला चेहरा, चोंदलेले नाक, डोकेदुखी आणि गरगरणे ही सिल्डेनाफिलच्या कुटुंबातील औषधांची ओळखीची लक्षणे आहेत. प्रयोगशाळेतील तपासणीशिवाय ठामपणे म्हणता येणार नाही, पण 'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल लपवून घातलेले अनेकदा सापडले आहे. अमेरिकेचे औषध प्रशासन तर अशा उत्पादनांबाबत वर्षानुवर्षे इशारे काढत आले आहे. म्हणजे ज्या गोळीची भीती घालून मला दुसरीकडे वळवले, बहुधा तीच गोळी मात्रा न सांगता मला कितीतरी पट दराने विकली गेली. टॅमसुलोसिनही रक्तदाब थोडा उतरवते. दोन्हींचा परिणाम एकत्र झाला की उठताना अंधारी येऊ शकते.

मग त्यांनी जी तुलना केली, तिच्यात आणि फोनवरच्या तुलनेत आकड्यांचा फरक नव्हता. सिल्डेनाफिलची चाचणी ब्रिटनमध्ये हृदयशूळासाठी चालू होती, तिथे हा दुसरा उपयोग ध्यानात आला आणि 1998 साली अमेरिकेत तिला या तक्रारीसाठी मान्यता मिळाली. त्यावरून ती हृदय थकवते असे ठरत नाही. ती घेतल्यावर साधारण अर्ध्या ते एका तासात लागू पडते आणि परिणाम चार-पाच तास राहतो. सावजी मटणासारखे तेलकट जेवण आधी झाले असेल तर लागू पडायला उशीर होतो. टाडालाफिलवर जेवणाचा परिणाम होत नाही, ती कमी मात्रेत रोजही देता येते आणि प्रोस्टेटच्या त्रासातही वापरतात, मात्र काहींची पाठ व स्नायू दुखतात. वार्डेनाफिल बरीचशी सिल्डेनाफिलसारखीच. अव्हानाफिल या चौघांत नवी आणि लवकर लागू पडणारी. चारही एकाच पद्धतीने काम करतात, रक्तवाहिन्या सैल करून. इच्छा निर्माण करण्याचे काम कोणतीच करत नाही, आणि दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा घ्यायची नसते. ताठरता चार तासांहून अधिक टिकली किंवा अचानक दिसेनासे अथवा ऐकू येईनासे झाले, तर रुग्णालय गाठायचे. माझ्या बाबतीत टॅमसुलोसिनमुळे त्यांनी सिल्डेनाफिल 25 मिलिग्रॅम या सर्वांत लहान मात्रेपासून सुरू केले, साखरेची तीन महिन्यांची सरासरी तपासली आणि हृदयाचा आलेख काढून घेतला, कारण ही तक्रार कधी कधी हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होत असल्याची पहिली खूण असते. खर्रा बंद करा, हेही सांगितले. जेनेरिक दुकानातील गोळी इतकी स्वस्त निघाली की त्या डब्याच्या किमतीत कितीतरी महिने निघाले असते.

सॉर्बिट्रेटचा प्रश्न त्यांनी का विचारला, ते मला माझ्या चुलतभावामुळे कळले. त्याची अँजिओप्लास्टी झालेली आहे, शर्टाच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी असते. पोस्टमनची हाक त्याच्याही कानावर गेली होती. तो घरी येऊन म्हणाला, "दादा, त्यातल्या दोन मले दे ना, पाहून घेतो." सॉर्बिट्रेट किंवा नायट्रोग्लिसरीन यांसारखी नायट्रेट औषधे आणि या चारपैकी कोणतीही गोळी एकत्र आली तर रक्तदाब एकदम इतका खाली जातो की जीव जाऊ शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यानंतर किमान 24 तास आणि टाडालाफिलनंतर किमान 48 तास नायट्रेट देता येत नाही. छातीत दुखू लागले तर रुग्णालयात आधी हेच सांगावे लागते. ज्या डब्यावर फक्त अश्वगंधा लिहिले आहे, तो घेणारा माणूस हे सांगणार तरी कसा?

कायद्याची बाजूही माहीत असावी. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला 1954 च्या औषधी व जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे, म्हणजे अशी जाहिरात दिसणे हाच गुन्ह्याचा पुरावा. सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल अनुसूची 'एच' मधील औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात आणि पट्टीवर लाल उभी रेघ, परवाना क्रमांक व बॅच क्रमांक असतो. तपासणी न करता फोनवर कोर्स ठरवणाऱ्याकडे यांतले काहीच नसते.

पैसे पाठवले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. त्यासाठी व्यवहाराचा क्रमांक, जाहिरातीचे चित्र आणि आलेले मोबाइल क्रमांक जपून ठेवावेत. माझ्या रकमेपैकी थोडा भाग एका खात्यात अडकवून ठेवता आला आहे. पोस्टमनकडे दिलेले पैसे या मार्गाने मिळत नाहीत. डबा, खोके आणि टपालाचे लेबल मी अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकांकडे देऊन पोच घेतली. डबा फेकू नका, उरलेल्या कॅप्सूल त्यातच राहू द्या, कारण तपासणीसाठी त्याच लागतात. आणि पार्सल अजून वाटेत असेल तर ते घेण्याचे कोणतेही बंधन नाही. पोस्टमनला 'नाकारले' असे सांगितले की तो शेरा मारून परत पाठवतो.