अन्नत्यागाच्या सभेला घेतलेलं बिछायत केंद्र : माझा अनुभव

आमच्या गावात, राळेगाव तालुक्यात, १९ मार्चला अन्नत्यागाची सभा असते. १९८६ साली याच तारखेला चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी बायको आणि चार लेकरांसह जीव दिला. त्यांच्या आठवणीत त्या दिवशी कोणी जेवत नाही. जेवण नाही म्हणजे खर्च नाही, असं पुष्कळांना वाटतं. पण पेंडॉल, खुर्च्या, साउंड लागतातच. पत्रकावर समितीतल्या सात जणांची नावं असली तरी बिछायतवाल्याकडे, म्हणजे हे सामान भाड्याने देणाऱ्याकडे, पावती एकाच्याच नावाने फाटते, आणि पोलीस स्टेशनातलं हमीपत्रही त्याच नावाने. दोन वर्षं झाली, ते नाव माझं आहे.

मागच्या वर्षी दुसऱ्याकडून सामान ठरवलं होतं. आदल्या दिवशी जमावबंदीचा आदेश निघाला, परवानगी गेली. सामान त्याच्या गोदामातून हललंही नव्हतं, तरी तो पूर्ण भाडं मागायला घरी आला. आमच्या समितीची नोंदणी नाही, खातं नाही. मागणार कोणाला, तर मलाच. भाव वाढेल म्हणून राखून ठेवलेली तूर त्या आठवड्यात विकून मोकळी झाले.

म्हणून यंदा बसस्टँडमागच्या या बिछायत केंद्रात गेले तेव्हा सामान नंतर पाहिलं, आधी पावतीपुस्तक मागितलं. मागच्या बाजूला अटी छापलेल्या होत्या. वारा-पावसाने कापड फाटलं तर नुकसान मालकाचं. खुर्ची मोडली, सतरंजी जळली तर घेणाऱ्याचं, आणि वस्तूपुढे रक्कम लिहिलेली. खुर्चीचे ३५०. कार्यक्रम रद्द झाला तर काय, हे मात्र कुठेच नव्हतं. विचारलं तर मालक म्हणाले, "ताई, तुमी काहून काळजी करता, पाहून घेऊ ना." मी उठले नाही. शेवटी त्यांनी माझ्यासमोर पेनाने लिहिलं : दोन दिवस आधी कळवलं तर अर्धा अॅडव्हान्स परत. खाली सही. ही अट त्यांनी छापूनच घ्यावी, माझी ही एकच मोठी तक्रार आहे. माझ्यासारखी अडून बसणारी सगळीच नसतात.

१८ तारखेच्या रात्री अवकाळी आली. शाळेच्या मैदानावर पेंडॉलचं छत मधोमध फाटलं, दोन पाईप वाकले. मी टॉर्च घेऊन चिखलात उभी होते आणि पावतीवर अट छापलेली असूनही डोक्यात एकच हिशेब चालू होता. घरी ६२,००० रुपये होते, कापसाचे, पीककर्ज घेतलेल्या गावच्या सहकारी सोसायटीत भरायचे. ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरलं तर पंजाबराव देशमुख योजनेत तीन लाखांपर्यंत व्याज लागत नाही. त्यातून काढले आणि तारीख चुकली तर वर्षभराचं व्याज माझ्या बोडक्यावर. समितीतल्या बाकी सहा जणांच्या नाही.

पहाटे पाचला मालक स्वतः आले, दोन पोरं आणि दुसरं छत घेऊन. पावतीचा विषय मला काढावाच लागला नाही. नऊपर्यंत मंडप उभा. फाटलेल्या छताचा एक रुपया त्यांनी लावला नाही.

दुसरी गोष्ट विजेची. गावातल्या पोरांनी सवयीप्रमाणे साउंडसाठी विजेच्या तारेवर आकडा टाकायला घेतला. साउंडवाल्या मुलाने वायर जोडूच दिली नाही. वीज कायद्याच्या कलम १३५ खाली ती चोरी धरतात, तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि परवानगी ज्याच्या नावाची, त्यालाच आधी पकडतात. त्याने जनरेटर सांगितला. डिझेल आपल्या माथी पडतं, पण त्या मुलाचे उपकारच मानते.

कमी पडलं ते सांगते. सतरंज्यांना ओल्या गोदामाचा वास होता. म्हाताऱ्या बाया दिवसभर उपाशी त्याच्यावर बसल्या, मला फार वाईट वाटलं. माईक पहिली पंधरा मिनिटं शिट्टी मारत होता.

बिल असं झालं : पेंडॉल ६,०००, दीडशे खुर्च्या १,२००, वीस सतरंज्या ६००, साउंड ४,०००, जनरेटर २,५००, डिझेल १,४५०. खुर्च्या परत देताना पोराने माझ्यासमोर दहा-दहाच्या थप्प्या लावून मोजल्या. दोन मोडलेल्या निघाल्या, त्यांचे ७००. एकूण १६,४५०. वर्गणी १८,००० कबूल झाली होती, हातात आली ९,६००. बाकीचे ६,८५० माझे.

अॅडव्हान्स ५,००० दिलाच होता, सभेनंतर ७,२५० दिले. उरलेल्या ४,२०० साठी मी महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली. "आधी सोसायटी भरा," एवढंच मालक म्हणाले. २८ तारखेला सोसायटी भरली, ३० तारखेला त्यांचे पैसे नेऊन दिले. मधल्या दिवसांत त्यांनी एकदाही फोन केला नाही.

सभा, धरणं, ग्रामसभेचा मेळावा काहीही घ्यायचा असेल तर इथून सामान घ्या. एप्रिल-मे मध्ये लग्नांमुळे मिळत नाही. जाताना समितीतले आणखी दोघं सोबत न्या, पावतीवर तिघांची नावं लिहून घ्या. ते लिहून देतात, मी विचारून आले आहे.