सर्क्सएनजी: गुगलपासून लपता येतं, पण सर्व्हरवाल्याचं काय?

आपण काय शोधतो हे गुगलला कळू नये म्हणून सर्क्सएनजी (SearXNG) हे सर्च इंजिन वापरायला घेतलं आणि आता रोज तेच वापरते. हे स्वतः काही शोधत नाही, आपला प्रश्न घेऊन गुगल, बिंग, विकिपीडिया अशा बऱ्याच ठिकाणी जातं आणि सगळे रिझल्ट एकत्र करून देतं. पलीकडे आपला आयपी (म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता), कुकीज काही जात नाही, आयपी दिसतो तो सर्क्सएनजी ज्या सर्व्हरवर चालतं त्याचा, आणि त्याच सर्व्हरवरून इतर लोकही सर्च करत असल्यामुळे कुठला प्रश्न कुणाचा हे गुगलला सहज वेगळं काढता येत नाही. म्हणजे सगळा खेळ गर्दीचा आहे. म्हणूनच "स्वतःचा सर्व्हर टाका" हा सल्ला मला अर्धाच पटतो, एकटेच वापरणार असाल तर त्या आयपीवरून जाणारं प्रत्येक सर्च तुमचंच की!

पण पब्लिक सर्व्हर दुसऱ्या कुणाचा तरी असतो. प्रोग्रॅम ओपन सोर्स आहे, कोड कुणीही वाचू शकतं, पण चालवणाऱ्याने त्यात काय बदललंय, लॉग, म्हणजे आपल्या सर्चची नोंद, ठेवतो की नाही, हे आपल्याला बाहेरून कळायला मार्ग नाही. आणि नाव नसलं की झालं असंही नाही. 2006 मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने साधारण साडेसहा लाख युजर्सची तीन महिन्यांची सर्च, नावाच्या जागी नुसते नंबर टाकून, रिसर्चसाठी खुली केली होती, तर पत्रकारांनी ती वाचून एका बाईंना थेट शोधून काढलं. गाव, आडनाव, दुखणंखुपणं हे सगळं माणूस स्वतःच टाइप करतो ना, मग नंबर काय लपवणार? त्यामुळे स्वतःचं नाव आणि आजारपणाचं सर्च मी एकाच सर्व्हरवर कधीच करत नाही.

सेटिंगमध्ये प्रायव्हसीचा भाग आहे तो आधी उघडा. तिथे प्रश्न सर्व्हरकडे कसा पाठवायचा, गेट की पोस्ट, असं विचारतात, गेट असेल तर आपला प्रश्न वर पत्त्यातच येतो, म्हणजे ब्राउझरच्या हिस्ट्रीत राहतो आणि एकच कॉम्प्युटर चारजण वापरत असतील तर पुढच्याला आयता वाचायला मिळतो. पोस्ट ठेवलं तर हे टळतं, फक्त रिझल्टची लिंक कुणाला पाठवता येत नाही आणि मागे गेलं की ब्राउझर कधीकधी पुन्हा पाठवू का विचारतो. पानाच्या टायटलमध्ये प्रश्न दाखवायचा पर्याय बंदच ठेवा, इमेज प्रॉक्सी, म्हणजे फोटो सर्व्हरमार्फत आणायचा पर्याय, मात्र चालू करा, नाहीतर फोटो थेट मूळ साइटवरून येतात आणि तिला आपला आयपी दिसतो. रिझल्टवर क्लिक केल्यावर तर ती साइट आपल्याला बघतेच, तिथे याचा उपयोग नाही.

जाहिराती नाहीत, अकाउंट लागत नाही. पाचपैकी चार. एक कापला कारण एकाच आयपीवरून खूप सर्च जातात म्हणून गुगल मधूनच सर्व्हरला अडवतं, मग त्या दिवशी रिझल्ट अर्धेमुर्धे येतात आणि दुसरा सर्व्हर शोधत बसावं लागतं.