प्रायश्चित्तकाळातील निवासी साधना : वसई किनाऱ्यावरील एका ध्यानकेंद्राविषयी अभिप्राय

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, केळीच्या बागा आणि पानवेली यांच्या पलीकडे समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर, एका धर्मसंघाचे लहानसे ध्यानकेंद्र आहे. प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाची सुरुवात करणाऱ्या राखेच्या बुधवारनंतर पास्काच्या (ईस्टरच्या) आधीच्या झावळ्यांच्या रविवारापर्यंत, तेथे दर आठवड्याच्या अखेरीस निवासी साधना भरते. शुक्रवारी सायंकाळी प्रवेश असतो आणि रविवारी दुपारच्या जेवणानंतर निरोप दिला जातो. पुढे काही उणिवांचीही चर्चा करावयाची असल्यामुळे केंद्राचे नाव येथे देत नाही.

आपल्याकडे साधनेहून परतलेल्या माणसाला ‘कसे झाले?’ असे विचारले की उत्तर बहुधा ‘फार रडलो’ किंवा ‘मन हलके झाले’ असे मिळते. मला ही कसोटी अपुरी वाटते. त्रेंत येथे भरलेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मसभेने १५५१ साली पश्चात्तापी माणसाच्या वाट्याची तीन कृत्ये सांगितली: मनापासून झालेले दुःख, पापांचे निवेदन आणि भरपाई. पहिल्या दोन गोष्टी घडवून आणणारी केंद्रे पुष्कळ आहेत. तिसरीपर्यंत माणसाला नेणारे केंद्र दुर्मीळ आहे, आणि या केंद्राची शिफारस करावीशी वाटते ती मुख्यतः त्यासाठी, म्हणजे शनिवारच्या सकाळच्या सत्रासाठी.

त्या सत्राचा विषय जक्कय हा होता. यरीहोतील हा श्रीमंत जकातदार येशूला पाहण्यासाठी उंबराच्या झाडावर चढला, एवढे धर्मशिक्षणाच्या वर्गात सर्वांनीच ऐकलेले असते. प्रवचनकार फादरांनी झाडाची गोष्ट दोन वाक्यांत आटोपली आणि लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातील आठव्या ओवीवर बराच वेळ ते थांबले. जक्कय आपले अर्धे धन गरिबांना देण्याचे बोलतो आणि ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत करण्याचे वचन देतो. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे, स्वतः होऊन कबुली देणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा, एवढेच पुरेसे होते. ते बायबलमधील लेवीय आणि गणना या पुस्तकांत सांगितले आहे. चौपटीची शिक्षा निर्गम या पुस्तकात आहे, आणि ती चोरलेले मेंढरू कापून किंवा विकून टाकणाऱ्याला आहे. म्हणजे जक्कय स्वतःला कबुली देणाऱ्याच्या सवलतीत न बसवता पकडलेल्या चोराच्या रांगेत उभे करतो. हे विवेचन इतके नेमके होते की मागच्या बाकांवरची कुजबुजही थांबली. मला त्यात एकच भर घालावीशी वाटते. नाथान संदेष्टा एका श्रीमंताने बळकावलेल्या गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो, तेव्हा दावीद राजाही रागाच्या भरात चौपट भरपाईचाच निकाल देतो. त्यानंतर त्याला कळते की दुसऱ्याची पत्नी बळकावणारे आपणच ते आरोपी आहोत. एक्कावन्नावे स्तोत्र आपण प्रायश्चित्तकाळात दर शुक्रवारी म्हणतो. त्याच्या मथळ्यातच नाथानाच्या या भेटीचा उल्लेख आहे, पण स्तोत्र म्हणताना त्या मेंढीची आठवण सहसा कोणाला होत नाही.

यानंतर प्रत्येकाला एक कोरा कागद देण्यात आला. त्यावर पापांची यादी लिहायची नव्हती. डाव्या बाजूला माणसाचे नाव आणि उजव्या बाजूला त्याचे आपल्याकडे काय राहिले आहे एवढेच लिहायचे होते: पैसे, जमीन, दागिना, बदनाम केलेले नाव, न दिलेली मजुरी. आरंभी सभागृहात एक अवघडलेपण होते. फादरांनी मग वसईतला विषय थेट काढला. ख्रिस्ती बाप मृत्युपत्र न करता वारला, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे मुलगा आणि मुलगी यांना सारखाच वाटा मिळतो. असे असताना आपल्या वाड्यांचे सात-बारा भावांच्याच नावांनी का भरलेले असतात, असा त्यांचा प्रश्न होता. बहिणीला लग्नात दिले, सणाला साडी दिली, आणि एके दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली, ती सही तिने मनापासून केली की माहेर तुटू नये म्हणून केली, हे भावाने स्वतःला विचारून पाहावे, असे ते म्हणाले. माझ्या पुढच्या बाकावरच्या एका वयस्क शेतकऱ्याने जागेवरूनच विचारले, ‘फादर, सही होऊन वीस वर्षे झाली, आता त्या जमिनीवर इमारत उभी आहे. मी काय परत करू?’ फादरांचे उत्तर असे होते: ‘दादा, इमारत मोडायला कोणी सांगत नाही. बहिणीकडे जा, बसा आणि तिलाच विचारा.’ ते गृहस्थ काही बोलले नाहीत. खिशातून चष्मा काढून त्यांनी कागदावर लिहायला सुरुवात केली.

जमिनीच्या किमतींमुळे ज्या तालुक्यात सख्खे भाऊ एकमेकांच्या मयतीलाही जात नाहीत, तेथे पश्चात्तापावरचे प्रवचन जमिनीला हात न लावता होऊच कसे शकते, हा प्रश्न मला पूर्वीच्या अनेक साधनांत पडला होता. दारू, मोबाइल आणि मिस्सा (चर्चमधील उपासना) चुकवणे यांवर आपल्याकडे तासन्‌तास बोलले जाते. ते बोलणे सोयीचे असते, कारण त्यातले पाप शक्यतो दुसऱ्याच्या घरातले असते.

शनिवारी दुपारी प्रायश्चित्त संस्कार, म्हणजे धर्मगुरूपुढे पापे सांगून क्षमा मिळवण्याचा विधी, होता. १९७३ च्या सुधारित विधीनुसार पापनिवेदनापूर्वी शास्त्रपाठ आणि सामूहिक आत्मपरीक्षण घेण्यात आले, आणि त्यानंतर प्रत्येकाने एकेका धर्मगुरूकडे स्वतंत्रपणे जायचे होते. बाहेरून आलेले धर्मगुरू पुरेसे होते, त्यामुळे कोणालाही घाई करावी लागली नाही. समोरासमोर बसण्याची आणि जाळीआड बसण्याची अशी दोन्ही सोय होती. माझ्या निवेदनानंतर फादरांनी दिलेले प्रायश्चित्त नेहमीच्या ‘पाच आमच्या बापा’च्या, म्हणजे ती प्रार्थना पाच वेळा म्हणण्याच्या, धर्तीचे नव्हते. सकाळच्या कागदावरचे एक नाव निवडून पास्काच्या सणापूर्वी त्या माणसाला भेटावे, असे त्यांनी सांगितले. पापक्षमा मिळाली म्हणून पापाने झालेले नुकसान आपोआप भरून येत नाही, ही कॅथलिक शिकवण पुस्तकातून सर्वांना ठाऊक असते. ती प्रायश्चित्ताच्या रूपाने हातात पडते तेव्हा मात्र तिचे वजन वेगळे असते.

येथेच केंद्राची सर्वांत गंभीर उणीव सांगितली पाहिजे. पापनिवेदनाच्या दोन जागा व्हरांड्यात मांडल्या होत्या आणि वाट पाहणाऱ्यांचे बाक त्यांच्या फार जवळ होते. छताचा पंखा बंद पडला की शब्द स्पष्ट ऐकू येत. पापनिवेदनाची गुप्तता धर्मगुरूवर बंधनकारक आहे हे सर्वांना माहीत आहे. पण चर्चच्या कायद्याप्रमाणे योगायोगाने ज्याच्या कानावर काही पडले, त्यालाही ते गुप्त ठेवण्याचे बंधन असते, हे किती जणांना माहीत असेल याची शंका आहे. मी उठून अंगणात जाऊन उभा राहिलो, आणखीही काही जण आले. व्यवस्थापक सिस्टरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी लगेच बाक मागे हलवले, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. परंतु मुळात अशी मांडणी होता कामा नये. ज्या गावात प्रत्येक आवाज ओळखीचा आहे, तेथे तर मुळीच नाही.

शनिवारी रात्रीचे स्तुतीसत्र मला मानवले नाही. असे सत्र ज्या चळवळीतून आले, ती मोठ्याने केलेल्या उत्स्फूर्त स्तुतिप्रार्थनेवर भर देणारी कॅरिस्मॅटिक नवजीवनाची चळवळ १९६७ साली अमेरिकेत कॅथलिक विद्यार्थ्यांमध्ये सुरू झाली आणि पुढे भारतात आली. तिच्यामुळे वसईतील अनेक कुटुंबांतील व्यसने सुटली आणि बायबल उघडले गेले, याबद्दल मला आदरच आहे. तरी दिवसभर पाळलेल्या मौनावर रात्री एवढ्या मोठ्या ध्वनिक्षेपकांचा मारा करण्याचे कारण मला समजले नाही. सकाळच्या कागदाने मनात जे खोलवर नेऊन ठेवले होते, ते त्या गजरात पुन्हा पृष्ठभागावर येऊन विरघळून जाते की काय, अशी भीती वाटली. माझ्या खोलीतल्या तरुण सोबत्याचे मत नेमके उलट होते. त्याच्या मते तीच संध्याकाळ सर्वांत चांगली होती. वाचकांनी आपल्या प्रकृतीप्रमाणे ठरवावे. त्या सत्राला न जाता प्रार्थनागृहात परमपवित्र साक्रामेंतापुढे (ख्रिस्ताचे शरीर मानून जपलेल्या पवित्र भाकरीपुढे) शांत बसण्याची मुभा असते, पण तसे कोणी सांगत नाही, विचारावे लागते.

निवासाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. दोघांची खोली, स्वच्छ चादरी, मच्छरदाण्या आणि सामाईक न्हाणीघर अशी व्यवस्था आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी तळमजला मागून घ्यावा. जेवण साधे आणि चविष्ट होते, मात्र शुक्रवारच्या रात्री ताटात तळलेली सुरमई आली तेव्हा हसू आवरले नाही. शुक्रवारच्या मांसवर्जनात मासे चालतात, तेव्हा नियम अक्षरशः पाळला गेला, हे खरे आहे. पण वसईच्या माणसाला शुक्रवारी सुरमई देणे म्हणजे काही त्याग नव्हे. पेज आणि भाजी चालली असती. पहाटेच्या चहाबरोबर मिळालेल्या सुकेळ्यांबद्दल (वाळवलेल्या केळ्यांबद्दल) मात्र माझी तक्रार नाही.

रविवारच्या सकाळी बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण झाले. या वचनांची खरी जागा पास्काच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीत आहे, त्यामुळे प्रायश्चित्तकाळाच्या मध्येच ती घेणे मला जरा घाईचे वाटले. उपवासाचा हा काळ मुळात बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांसाठी होता आणि त्यांच्याबरोबर सगळी मंडळी तयारीला बसत असे; त्या रात्रीच्या मेणबत्तीसाठी थोडी भूक राखून ठेवायला हवी होती. त्यानंतर साक्षी, म्हणजे आपल्या बदलाची अनुभवकथने, झाल्या. बोलणारे प्रामाणिक होते, तरी प्रत्येक साक्षीचा घाट एकच होता: पूर्वी मी असा होतो, इथे आलो, बदललो. ज्याच्याशी बिघडले त्या माणसाकडे परत गेलो, असे सांगणारा एकही जण नव्हता. जक्कयावर इतके चांगले बोलणाऱ्या केंद्राने अशा साक्षी निवडून बोलवायला हव्यात, किंवा ती वेळ वेगळ्या कामी लावायला हवी.

माझी सूचना त्याच संदर्भात आहे. कागदावर नाव लिहिणे आणि त्या नावाच्या दारात जाऊन उभे राहणे यांत जे अंतर आहे, ते पार करताना माणूस एकटा पडतो. पहिले वाक्य काय बोलावे, समोरच्याने दार लावून घेतले तर काय करावे, पैसे द्यायचे तर वकिलाला विचारावे की आधी बहिणीला, या प्रश्नांवर केंद्राकडे कोणतीच मदत नाही. रविवारच्या साक्षींऐवजी तास-दीड तास प्रत्येकाने एक पत्र लिहावे आणि ज्याला हवे त्याने ते एखाद्या धर्मगुरूला किंवा अनुभवी समुपदेशकाला दाखवावे, अशी सोय करता येईल. निघताना मी हे अभिप्रायाच्या वहीत लिहिले. सिस्टरांनी ते वाचले आणि हक्कसोडपत्राच्या बाबतीत एखाद्या वकिलाला शनिवारी दुपारी बोलावता येईल का, ते आम्ही बघतो, असे सांगितले.

नोंदणीविषयी एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. पवित्र आठवड्याच्या (पास्काच्या आधीच्या आठवड्याच्या) लगतच्या साधना लवकर भरतात आणि त्यांत गर्दीमुळे पापनिवेदनाला वेळ कमी मिळतो. राखेच्या बुधवारनंतरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्याची तारीख घ्यावी, म्हणजे कागदावरच्या माणसाकडे जाण्यासाठी पास्कापर्यंत पुरेसे दिवस हाताशी राहतात. आणि ज्या भावाबहिणींत बोलणे सुरू आहे पण मन मोकळे नाही, त्यांनी शक्य असल्यास एकाच तारखेला यावे. केंद्र त्यांना वेगवेगळ्या खोल्या देते.