पाय-स्पाय: लातूरच्या आडतीत आठ महिने

दसरा आला की लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनची आवक वाढते आणि आमचे फोन वाजायला लागतात. आडत दुकानांसाठी आम्ही काट्याचं सॉफ्टवेअर करतो. इलेक्ट्रॉनिक काट्यावरचं वजन केबलने कॉम्प्युटरमध्ये येतं, तिथून पट्टी छापली जाते. सगळं पायथन या प्रोग्रामिंग भाषेत, उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमवर. फोनवर मुनीमजींचं एकच गाऱ्हाणं: "भैया, हलंनाच झालंय बघा." माझंही उत्तर ठरलेलं: बंद करून चालू करा. हमाल कट्टा (पोतं) घेऊन उभा असताना दुसरं काय सांगणार? चालू केलं की चालायचं, पण कुठे अडकलं होतं याचा मागमूसही पुसला जायचा.

दिवाळीनंतर पाय-स्पाय बसवलं, चालू पायथन प्रोग्राम कुठे अडकलाय ते दाखवणारं साधन. फुकट आहे, रस्ट या भाषेत लिहिलंय. आपल्या कोडमध्ये एक ओळही न बदलता ते चालू प्रोसेसची (म्हणजे चालू प्रोग्रामची) मेमरी बाहेरून वाचतं आणि प्रत्येक थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा एकेक धागा) त्या क्षणी कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीवर आहे ते छापतं. आम्ही एक छोटी स्क्रिप्ट जोडली: प्रोग्रामने ६० सेकंद हालचाल दाखवली नाही तर आधी डंप, म्हणजे हे छापलेलं सगळं, फाइलमध्ये घ्यायचा, मगच रीस्टार्ट.

पहिला मासा तुरीच्या आवकेत गळाला लागला. डंपमध्ये मुख्य थ्रेडपुढे 'आयडल' (रिकामा बसलेला), सगळ्यात वर पायसिरियल या केबलवरून डेटा वाचणाऱ्या लायब्ररीचं रीड, त्याखाली आमचं वजन वाचायचं फंक्शन. (पायथनच्या नेहमीच्या ट्रेसबॅकमध्ये, म्हणजे चूक झाल्यावर छापल्या जाणाऱ्या यादीत, शेवटचा कॉल तळाला असतो, इथे तो वर. पहिल्या दिवशी मी उलटंच वाचत बसलो.) पायसिरियलला टाइमआउट, म्हणजे थांबायची मुदत, दिला नाही तर ते बाइट येईपर्यंत वाट बघतं, मग जन्मभर का असेना. केबल ढिली, काटा गप्प, प्रोग्रामही गप्प. आणि आम्ही वर्षभर लाइटीला शिव्या घालत होतो! दोन सेकंदांचा टाइमआउट टाकला, त्या दुकानातून तसा फोन परत आला नाही.

त्रासही आहे. चालू प्रोसेसला हात लावायचा तर उबुंटूवर सुडो (ॲडमिनचा अधिकार) लागतं, म्हणजे प्रत्येक दुकानात एकदा जाऊन परवानगीची सोय करणं आलं. लोकल व्हेरिएबल (फंक्शनमध्ये त्या क्षणी असलेली माहिती) दाखवायचा पर्याय मोहात पाडतो, पण त्यात शेतकऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबरसुद्धा उतरतो. अशी एक फाइल व्हॉट्सॲपवर फिरून आली, त्या दिवसापासून तो पर्याय बंद. डंप घेताना प्रोग्राम क्षणभर थांबतो. न थांबवताही घेता येतो, पण मग स्टॅक (कोणी कोणाला बोलावलं ती फंक्शनची यादी) अर्धवट वाचला जायची शक्यता असते. आमचा तर अडकलेलाच असतो, त्याला काय फरक पडतो.

खरी मर्यादा वेगळी आहे. डंप म्हणजे त्या क्षणाचा फोटो. मघाशी कोणी पडून कपडे झटकून उठला असेल, तर ते त्यात येत नाही. आमच्या कोडमध्ये कोणीतरी (मीच) एक एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना आलेली चूक) पकडून गिळून टाकलं होतं. काट्यावर क्षमतेपेक्षा जास्त माल ठेवला की आकड्याऐवजी अक्षरं यायची, आकडा करताना व्हॅल्यू एरर यायची, आणि स्क्रीनवर आधीच्या कट्ट्याचं वजन तसंच राहायचं. हँग झालेलं परवडलं, हे नाही. हे सापडलं ते पायथन ३.१२ मध्ये आलेल्या सिस डॉट मॉनिटरिंगमुळे, म्हणजे प्रोग्राममधल्या घटनांवर नजर ठेवायच्या सोयीमुळे. त्यातली 'रेझ' (एक्सेप्शन फेकलं गेलं) ही घटना लावली की गिळलेलं एक्सेप्शनसुद्धा दिसतं. पहिल्या दिवशी लॉग फुगून बसला, कारण लायब्ररीसुद्धा आपापसात एक्सेप्शन फेकत-झेलत असतात. मग फक्त आमच्या फोल्डरपुरतं ठेवलं.

प्रोसेसच कोसळली तर पाय-स्पायला बघायला काही उरत नाही. तिथे पायथनसोबतच येणारं, कोसळताना प्रोग्राम कुठे होता ते छापणारं फॉल्टहँडलर चालू ठेवलंय. ते फक्त फाइल, फंक्शन आणि ओळ सांगतं, तेही निव्वळ आस्की, म्हणजे साध्या इंग्रजी, अक्षरांत. आमच्याकडच्या नव्या पोराने फंक्शनची नावं हौसेने मराठीत ठेवलीत, 'काटापट्टी_छापा' वगैरे. त्यामुळे लॉगमध्ये प्रत्येक अक्षराच्या जागी युनिकोड क्रमांकांची माळ उमटते. नावं बदल म्हटलं तर ऐकत नाही. आता ०९१५ दिसलं की 'क', एवढं माझंच पाठ झालंय.